जुईच्या डब्यातला ससा

मी पेणला गणपती करतो, अशी रोह्याला माझ्या सासुरवाडीची समजूत आहे. प्रत्यक्षात मी गणपती भरतो. खोक्यात! आमच्या कारखान्यात मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आणि डोळे काढणारे आबा सगळ्यांच्या वर, कारण मालकही तेच. मी मूर्तीभोवती गवत कोंबतो, खोकं बंद करतो आणि वर 'नाजूक, ही बाजू वर' असं लिहितो. (माझं अक्षर सुंदर आहे, असं आबा म्हणतात. माझ्या हाताबद्दल याहून जास्त ते कधीच बोललेले नाहीत.)

माझी मुलगी जुई पहिलीत आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. कूट नुसतं ओठाला लागलं तरी तोंड सुजतं आणि दवाखाना गाठावा लागतो. म्हणून बाईंनी तिला डबा खायला वेगळ्या बाकावर बसवलं. बाईंचं बरोबरच होतं. पण जुईने जेवणच टाकलं. रोज डबा जसाच्या तसा परत!

"का गो, आवडत नाय?" मी विचारलं.

"आवडतंय. पण एकटीला गिळत नाय बाबा."

सहा वर्षांची पोर असं म्हणाल्यावर बापाच्या घशाखाली तरी काय उतरणार? मला फार वाईट वाटलं. मी ठरवलं, पोरीला असा मजेदार डबा द्यायचा, की अख्ख्या वर्गाने तिच्या बाकाशी गर्दी केली पाहिजे. तांदळाच्या उकडीचा ससा! मोहरीचे डोळे, पुढच्या पायांत गाजर. शेंगदाण्याचा वासही नाही.

बायको, वंदना, रोह्याला एका कंपनीत आहे. सकाळच्या शिफ्टला ती गाडीने जाते आणि मला गाडीतून फोनवर स्वयंपाक शिकवते.

"ससा झालाय," मी म्हणालो. "आता वाफवतो."

"अहो, थांबा! वाफवताना कानांना आतून आधार द्या, नायतर ते..."

निडी स्टेशन आलं असणार, तिथे रेंज जाते. निडीपाशी आमचा संसार रोज दहा मिनिटं तुटतो.

नायतर काय, ते मला झाकण काढल्यावर कळलं. कान दोन्ही बाजूंना सुपासारखे पसरले होते. पोट सुटलं होतं. गाजर पायांतून निसटून वर सरकलं होतं आणि नाकाखाली पक्कं चिकटून डावीकडे वाकलं होतं. जरा जाड झालाय, एवढंच मला वाटलं! दुसरा करायला वेळ नव्हता. डब्यात तो हलू नये म्हणून मी भोवती काकडीचा कीस कोंबला, झाकण लावलं आणि वर कागद चिकटवून सवयीने लिहिलं, 'नाजूक, ही बाजू वर'.

मधल्या सुट्टीत बाईंचा फोन आला. "जुईचे बाबा, लगेच या. जुईच्या डब्यापाशी शेंगदाणे आहेत."

मी हातातलं गवत खाली टाकलं. "तिने खाल्ले?"

"नाही. ती खायलाच तयार नाही."

मी गवताच्या काड्या अंगावर घेऊन तसाच स्कूटरवर बसलो. शेंगदाणे आले कुठून? काकडीत? तांदळात? चक्कीवाल्याने आधी दाणे दळले होते की काय? रस्त्यात वंदनाला फोन लावला, तर ती म्हणाली, "तुम्ही काय घातलंत त्यात?"

"काय नाय गो! तांदूळ, मीठ, गाजर!"

"मग दाणे काय आभाळातून पडले?"

वर्गात पोचलो आणि दारातच थबकलो. टेबलावर जुईचा डबा उघडा. शेजारी जास्वंदीचं फूल. समोर तीस पोरं हात जोडून उभी! आणि डब्याच्या चारी बाजूंना चिक्कीचे तुकडे, दाण्याचे लाडू, कुणाचे तरी शेंगदाणे घातलेले पोहे. पोरांनी नैवेद्य दाखवला होता. जुई मात्र खिडकीपाशी लांब उभी होती, एकदम ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला.

"अहो, गणपती पाठवलात तर चिठ्ठी तरी द्यायची," बाई म्हणाल्या. "मुलं म्हणतात, बाप्पाला चावायचं कसं?"

"कुठला गणपती?"

"हा काय! वर 'नाजूक, ही बाजू वर' असंही लिहिलंय. पेणमध्ये अशा खोक्यात दुसरं काय असतं?"

मी डब्यात वाकून पाहिलं. मोहरीच्या डोळ्यांनी तो माझ्याकडे शांतपणे बघत होता.

"बाई," मी हळूच म्हणालो, "ससा आहे तो."

मागून एका पोराने जोडलेले हात हळूच खिशात घातले.

"मी सांगत होते ना!" जुई ओरडली. "आणि त्याला चिक्की नका दाखवू म्हणून पण सांगितलं. मला चालत नाय ना!"

बाईंनी पोरांना हात धुवायला पिटाळलं. टेबल पुसलं. डबा लाडवांना टेकला होता, म्हणून मी तो उचलला आणि जुईला कोपऱ्यावरून केळी आणून दिली. ती तिने उपाशीपोटी खिडकीतच खाल्ली. मान वर करून तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना.

पण दुसऱ्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा आला! मी नुसते साधे घावन दिले होते, नाक-डोळे नसलेले. आज डब्यात कोण आलंय, हे बघायला सहा पोरी आधीच हजर होत्या म्हणे. जुईच्या बाकावर बसायचं तर शेंगदाणा आणायचा नाही, असा बाईंनी नियम केला, आणि सहाही जणींनी तो घरी जाऊन आयांना बजावला.

मला भलताच हुरूप आला. नकळत केलेल्या मूर्तीला तीस जणांनी हात जोडले, मग ठरवून केली तर? दुपारभर खपून मी शाडूचा गणपती केला. सोंड, मुकुट, चार हात, सगळं जागच्या जागी. आबांपुढे ठेवला. आबांनी चष्मा लावला, मूर्ती गोल फिरवून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"हां, आता कसं! पोरीसाठी केलास व्हय? झकास ससा हाय. कान तेवढे उभे कर."