सदऱ्यावर पुसलेली धूळ

२००६ साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा, आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मान माझा. मराठी तिसरी शिकलोय, तेवढ्यात लिहितो. चुकलं तर चुकलं.

तो कुणाच्याही ओसरीवर चढला की बसण्याआधी बाकावर, खिडकीवर, तुळशीच्या पानावर बोट फिरवायचा. बोटाला आलेली खाणीची तांबडी धूळ आपल्याच पांढऱ्या सदऱ्याला छातीवर पुसायचा आणि म्हणायचा, "रागाव नकात, पण बघून घेवा." संध्याकाळी त्याच्याकडे बघवत नसे. कुणी भोसकलंय असं वाटे.

डिचोलीजवळच्या आमच्या गावात एका डॉक्टरबाईंनी केंद्र काढलं होतं. हवा, विहिरीचं पाणी आणि माणसांची छाती तपासायचं. आम्ही त्याला धुळीचं ऑफिस म्हणायचो. सदऱ्याला धूळ पुसणारा हा तिथला नवा स्वयंसेवक. दोडामार्गकडचा, आधी खनिजाचा ट्रक चालवायचा. खोकला लागला आणि स्टिअरिंग सुटलं. पगार नाही, सकाळी चहा आणि उंडो पाव.

बाई कागद घेऊन त्याची ओळख करून द्यायला उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, बसा. आमच्याकडे नवा माणूस कागदावर येत नाही, देवासमोर येतो. त्याला देवळात नेला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो परगावचो लेक आजपासून गावचो. ह्येच्यावर जो कोण हात उगारीत, त्येचो हात मोडून पडूं दे रे म्हाराजा."

सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." माझा मुलगाही म्हणाला. मोठ्याने म्हणाला, मी ऐकलंय. त्याचा स्वतःचा खनिजाचा ट्रक होता.

बाहेर येऊन हा मला विचारतो, "आजोबा, इतक्या कडक कित्याक?"

मी म्हटलं, "सपक गाऱ्हाणां देवाक लागत नाय."

मग तो शाळेच्या वळणावर उभा राहू लागला. भरलेले ट्रक थांबवून ताडपत्री ओढायला सांगायचा. तुम्ही असा माणूस बघितला असेल, शिवी अंगाला चिकटतच नाही. एक जण तोंडावर थुंकला. एकाने गाडी अंगावर घातली, हा गटारात पडला, उठला, त्याच ट्रकवर बोट फिरवलं आणि छातीला पुसलं. माझी नात, त्याच मुलाची मुलगी, त्या शाळेत जायची. श्वास घेताना तिच्या छातीत शिट्टी वाजायची. मुलाला सांगून मी दमलो.

एका दुपारी मुलाचा ट्रक आला, काठोकाठ भरलेला, उघडा. याने बॉनेटवर बोट फिरवलं.

"रागाव नको भावा. ह्यां तुझ्या चेडवाच्या छातीत जाता."

मुलगा जॅकचा दांडा घेऊन उतरला. पहिला फटका जबड्यावर, दुसरा कानावर. पडल्यावरही मारत होता. मी समोरच्या चहाच्या गाड्यावरून धावलो. दात मातीत पडले होते. सदऱ्यावर धूळ कुठली आणि रक्त कुठलं, ते कळत नव्हतं.

"हात खाली घे," मी म्हटलं.

"बाबा, तू बाजूक हो," म्हणत त्याने पुन्हा दांडा उचलला. धावताना गाड्याच्या चुलीशेजारचं उचललेलं लाकूड माझ्या हातात होतं. ते मी पोटच्या पोराच्या मनगटावर घातलं. हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं.

लोक म्हणाले, देव पावला. देव कशाला पावतोय? गाऱ्हाणं मी घातलं होतं, मीच पुरं केलं.

त्या स्वयंसेवकाला म्हापशाच्या इस्पितळात नेलं. तिथून त्याच्या भावाने परस्पर गावी नेला. तो काही परत आला नाही. संध्याकाळी सून म्हणाली, मामंजी, झालां तितक्या पुरे, आता घरात बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लग्नकार्याचा पांढरा सदरा पेटीतून काढून घातला. मुलगा प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून पायरीवर बसला होता. त्याच्यादेखत अंगणातल्या ट्रकच्या बॉनेटवर बोट फिरवलं, छातीला पुसलं आणि नातीला घेऊन शाळेच्या वळणावर जाऊन उभा राहिलो.