सलीमने निकाहला यावे की न यावे

"सलीम पोरीच्या निकाहला येनार न्हाय," असे म्हणून हमीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

हमीदभाई वरकुट्याचे. सलीम त्यांचा धाकटा भाऊ. वीसेक वर्षे मस्कतला एका गॅरेजमध्ये फोरमन. माझे बारामतीचे कर-सल्ल्याचे ऑफिस त्याच्या नोकरीपेक्षाही जुने आहे. मी वकील नाही; तरी इकडे सगळे मला वकीलसाहेबच म्हणतात आणि एवढी एक चूक मी दुरुस्त करीत नाही. बाकीच्या करतो. या प्रकरणाच्या तीन हकिकती सध्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरत आहेत. तिन्ही खोट्या आहेत. खरी हकिकत माझ्याकडे आहे, कारण सल्ला मी दिला होता.

"का येणार नाही?" मी विचारले.

"आला तर टॅक्स बसतोय म्हनं. तिकडची समदी कमाई हिकडं धरत्यात. ग्रॅच्युइटीसकट."

"कोण म्हणतं?"

"नवऱ्या मुलाचे मामा. रशीदमामा. पुन्याला कंपनीत अकाउंट्सला हायती."

मामांचे म्हणणे पूर्ण चूक नव्हते, हे मी आधीच मान्य करतो. प्राप्तिकराचे वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात साधारण अर्धे वर्ष जो भारतात राहिला तो निवासी. त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर. जो बाहेर राहिला तो अनिवासी. त्याच्या फक्त इथल्या उत्पन्नावर कर. त्या वर्षी वडिलांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. साठलेली आणि बिनपगारी अशी सगळी रजा एकत्र करून सलीम एप्रिलपासून सप्टेंबर संपत येईपर्यंत घरी होता. वडील काठी टेकत मशिदीपर्यंत जाऊ लागले तेव्हाच तो परत गेला. आता जानेवारीअखेर नोकरी संपणार होती, ग्रॅच्युइटीची मोठी रक्कम मिळणार होती, आणि मुलीचा, शबानाचा, निकाह रमजानच्या आत, फेब्रुवारीत ठरला होता. सलीम आठवडाभर जरी आला तरी अर्ध्या वर्षाची मर्यादा ओलांडली जाणार होती.

म्हणून मामांनी तोडगा काढला होता. सलीमने कंपनीला सांगून मार्चअखेरपर्यंत तिकडेच थांबायचे. एप्रिलात यायचे. निकाह मोबाईलवर बघायचा.

"लावा त्याला फोन," मी म्हणालो.

सलीम पडद्यावर आला. मागे एक जीप उचलून धरलेली होती.

"सलाम, वकीलसाहेब."

"सलाम. शबाना काय म्हणते?"

"बोलत न्हाय माझ्यासंगं. आठवडा झाला. तिची आई फोन उचलती, पन ती बी हं-हं करती नि ठेवती."

"गेल्या दहा वर्षांत कधी एवढा मुक्काम इथं झाला होता?"

"कुठला वो? म्हैना-दीड म्हैना. ह्याच वर्षी काय ती चैन झाली."

"मग ये निकाहला. ग्रॅच्युइटीवर इथं एक पैसा कर नाही."

दोघेही भाऊ माझ्याकडे संशयाने बघू लागले. मला याची सवय आहे. लोकांना वाईट बातमी लगेच पटते. चांगल्या बातमीला पुरावा लागतो.

तो पुरावा असा. निवासी आणि अनिवासी यांच्यामध्ये कायद्याने एक तिसरा वर्ग केला आहे: निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे. मागच्या दहांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, तो परत आल्यावर काही काळ या वर्गात राहतो. त्याने बाहेर नोकरी करून बाहेरच मिळवलेल्या पैशाला इथे कर लागत नाही. वर्षानुवर्षे परदेशी राबलेल्या माणसाला घरी येताच पकडू नये, एवढी समज कायदा करणाऱ्यांना होती. रशीदमामांना तो वर्ग माहीत नव्हता.

"ह्ये नाव हाय का लग्नपत्रिका? केवढं लांबडं!" हमीदभाई म्हणाले.

"म्हंजे साहेब, मी हितला का तितला?" सलीमने विचारले.

"कायद्यानं इथला. तिथल्या पगारापुरता तिथला."

तरी हमीदभाईंचे समाधान होईना. सोयरिकीचा मामला; मामांना डावलून चालणार नव्हते. मग मामांनाही त्याच कॉलवर घेतले. मामा अत्यंत अदबीने बोलले. असे लोक मला अधिक त्रास देतात.

"साहेब, आपण सीनियर आहात. पण रिस्क कशाला? एप्रिलमध्ये आले तर टॅक्स झीरो. एकदम सेफ."

"झीरो कसा? शेळ्यांचं काय?"

"शेळ्या तर शेतीत येतात ना!"

इथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. सलीमने वरकुट्याला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर शेळ्यांची मोठी शेड उभारली होती. त्या बकरीदीला बोकडांची पहिलीच मोठी विक्री झाली होती आणि भाव चांगला लागला होता.

हमीदभाई उसळले. "शेतीच की वो! मका आमचा, घास आमचा. शेळी बांधाच्या भायेर तोंड घालत न्हाय."

"हमीदभाई, मका विकला असता तर ते शेतीचं उत्पन्न, करमुक्त. तो शेळीनं खाल्ला आणि तुम्ही शेळी विकली. आता तो धंदा."

"शेळीनं खाल्ला म्हनून टॅक्स?"

"तुम्ही विकली म्हणून. तिच्यावर नाही."

सलीम हसला. मामा हसले नाहीत, कारण पुढचे त्यांच्या ध्यानात येऊ लागले असावे. शेळ्यांचा नफा इथला. सलीम कुठेही बसला तरी तो इथेच मोजला जाणार. लहान उत्पन्नावरचा सगळा कर माफ करणारी एक सवलत आहे. सलीमचा नफा तिच्यात सहज बसत होता. पण ती सवलत फक्त निवासी माणसाला मिळते; त्यात तो तिसरा वर्गही आला. अनिवासीला मिळत नाही.

"थांबा साहेब," सलीम म्हणाला. "आलो तर टॅक्स न्हाय. न आलो तर टॅक्स?"

"बरोबर."

"मामा! ऐकताय न्हवं?"

"आवाज तुटतोय. रेंजचा प्रॉब्लेम दिसतोय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आम्हाला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

आता त्या तीन हकिकती. मी पुण्याच्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला, ही पहिली. माझी तशी एकही ओळख नाही. चाळीस वर्षे मी त्यांच्याशी भांडतो आहे. पासपोर्टावरच्या शिक्क्याची तारीख मी मागची करवून घेतली, ही दुसरी. ती सांगणाऱ्याने मला समोर येऊन सांगावी. तिसरी रशीदमामांची: हा नियम त्यांनीच शोधला आणि माझ्याकडून फक्त खात्री करून घेतली. निकाहच्या जेवणात ते माझ्याच पंगतीला बसून शेजाऱ्याला हे सांगत होते. मी ताट बाजूला सारून त्यांना त्या तिसऱ्या वर्गाचे नाव विचारले. ते बिर्याणी वाढणाऱ्याला हाका मारू लागले.

सलीम निकाहच्या आदल्या आठवड्यात आला. शबाना दोन दिवस तरीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेंदीचे हात पुढे करून तिने बापाकडून घास भरवून घेतला. हे मला हमीदभाईंनी सांगितले. रिटर्न मी जुलैमध्ये भरले. ग्रॅच्युइटीवर कर शून्य, शेळ्यांवर कर शून्य.

घरापासून दूर राहून कर वाचतो, असे कोणी सांगितले तर घरी येऊन किती वाचतो याचाही हिशेब करून घ्यावा. दोन्ही हिशेबांची मी एकच फी घेतो.