शेजारच्या कप्प्यातली ताई

टपाल कचेरीत त्याला सगळे नकाशा म्हणत. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते हजेरीपटावर पडून राहिलं. एकतीस वर्षं हा माणूस एकाच लाकडी कपाटासमोर उभा राहून पत्रं टाकत आला. कपाटाला साठ कप्पे, एकेका कप्प्यावर एकेका गावाची चिठ्ठी. डाव्या हातात गठ्ठा धरायचा आणि उजव्या हाताने एकेक पत्र त्याच्या त्याच्या गावी धाडायचं. कप्प्याकडे बघायचं नाही. बघावं लागलं तर तो सॉर्टर कसला! पत्त्यावर नुसतं 'पुलापलीकडे, डॉक्टरांच्या घरासमोर' एवढंच असलं, तरी हा जरा नाक खाजवायचा आणि पत्र बरोबर जाऊन पडायचं. नवीन आलेली माणसं तोंडात बोट घालत.

बरं, हा स्वतः कुठे गेलेला? कुठेही नाही. देश एवढा मोठा, की या टोकाची माणसं सकाळचा दुसरा चहा घेतात तेव्हा त्या टोकाला अजून उजाडायचं असतं. आणि हे गृहस्थ घर ते कचेरी, कचेरी ते घर. फार तर सासुरवाडी, तीही दोन स्टेशनं सोडून. पण बोलायला बसला की बारा गावचं पाणी प्यायलेली माणसं याच्यापुढे गप्प. "तळ्याचं गाव? अहो, तिथे सगळी नवीन लग्न झालेली जोडपी. पोस्टकार्डांवर एकच मजकूर, आम्ही मजेत आहोत, काळजी नसावी." घड्याळांचं गाव त्याला तिथून येणाऱ्या लहानशा पण जड पार्सलांवरून माहीत होतं. टेकडीवरच्या शाळेचं गाव माहीत होतं ते 'आई, मला घरी ने' या पोरांच्या कार्डांवरून. आणि बंदर तर काय, तिकिटांवरच्या जहाजांवरून. ही चार गावं एकदा डोळ्यांनी बघायची, एवढी एकच हौस त्याने आयुष्यभर बाळगली होती. चारही गावं कपाटात ओळीने, एक्केचाळीस ते चव्वेचाळीस.

त्या वर्षी कचेरीने सांगितलं, साठलेली रजा वर्षअखेरपर्यंत घ्या, नाहीतर बुडेल. चौदा दिवस निघाले. नकाशाने घरी येऊन चपला काढता काढता जाहीर केलं, "आपण फिरायला जायचं. देश बघायचा."

बायको दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिथली वाफ खाऊन खाऊन तिचे हात नेहमी धुतल्यासारखे दिसत. ती टेबल पुसत होती. पुसणं न थांबवता म्हणाली, "मला ताईकडे जायचंय. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या ताईने स्वतःची शाळा सोडून धाकटीला वाढवलं. दहा वर्षांपूर्वी ताईच्या नवऱ्याला खाणीत काम मिळालं आणि ते जोडपं देशाच्या पार त्या कोपऱ्यात गेलं. तेव्हापासून दोघी बहिणींची भेट नाही, दर रविवारी फोन आणि महिन्याला एक पत्र, तेवढंच. दोन वर्षांपूर्वी ताईचा नवरा आजारी पडून गेला. तेव्हा बायकोने जायचं म्हटलं होतं, आणि नकाशा म्हणाला होता, सध्या टपालाचा हंगाम आहे, रजा मिळायची नाही. खरं म्हणजे त्याने अर्जच केला नव्हता. एकटीला दोन दिवसांच्या प्रवासाला धाडायची त्याची छाती झाली नाही, आणि तिचीही नाही. अर्ज केला नव्हता हे बायकोला पुढे कळलं, हेड सॉर्टरच्या बायकोकडून. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं नकाशाला कितीदा वाटलं.

म्हणून तो आता घाईघाईने म्हणाला, "ताईकडे तर जायचंच! चार दिवस राहायचं. अगं, खाणीचं गाव म्हणजे पंचेचाळीस नंबर. बंदराच्या शेजारचा कप्पा. बंदर बघितलं की सकाळी उठून जायचं."

तिने फडकं पिळलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "चार दिवस नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर नुसती वापरलेली पाकिटं. एकेका पाकिटावर एकेक गाव, वर दिवस आणि गाडीची वेळ. नकाशा ती पाकिटं कप्प्यांच्या क्रमाने लावायचा, दोऱ्याने बांधायचा, परत सोडायचा. तळ्याच्या गावी दोन दिवस, घड्याळांच्या गावी दीड, शाळेच्या टेकडीवर दीड, उरलेले बंदरावर, असे प्रवासासकट आठ दिवस. नवव्या दिवशी सकाळी ताईच्या दारात. बाराव्या दिवशी संध्याकाळी तिथून निघायचं, चौदाव्या दिवशी घरी. कुठे म्हणून फट नाही. लेक तेवढी आपला फोन घेऊन मागेपुढे करायची. "बाबा, एकदा यात बघून तर घ्या."

"तुझ्या फोनला विचार, पुलापलीकडे डॉक्टरांच्या घरासमोर कोण राहतं. सांगेल?"

"बाबा, ते वेगळं आणि हे वेगळं."

"सगळं एकच असतं," नकाशा म्हणाला. लेकीने कपाळावर हात मारला आणि ती कामावर गेली.

तिकिटं काढायला तो स्वतः स्टेशनवर गेला. बंदरापर्यंतची सगळी काढली, आणि खाणीच्या गावाहून घरी परत यायची काढली. खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मधलं? बंदर ते खाण?" नकाशाने हात झटकला. "ते जवळचं आहे हो. तिथे गेल्यावर बघू." नकाशाच्या मागे रांग होती. त्यांनी तिकिटं सरकवली.

रविवारी बायकोने ताईला फोन लावला. धोबीखान्यातून येताना तिने नवीन केसांची पिन घेतली होती आणि घरातच लावून बसली होती. नकाशा समोरच पाकिटांचा गठ्ठा घेऊन. फोन टेबलावर ठेवलेला, आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

"नऊ तारखेला सकाळी पोहोचतो गं ताई. बंदरावरून येतो, सकाळी निघून."

पलीकडे ताई हसली. मग हसायची थांबली. "बंदरावरून सकाळी निघून? कुठल्या विमानाने गं?"

"यांनी सगळं नीट बघितलंय. शेजारीच आहे म्हणे."

"अगं, कुठलं शेजारी! बंदर पार तिकडे. आधी उलटं मागे यायचं, मग दोनदा गाडी बदलायची. दोन रात्री आणि मधला दिवस लागतो. शिवाय इकडची गाडी आठवड्यातून तीनदाच." तिचा आवाज साधाच होता, बाजारभाव सांगावा तसा. "आमच्या यांना तेव्हा बंदरावरच्या मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणत होते डॉक्टर. मी स्टेशनवर जाऊन विचारून आले. एवढ्या प्रवासात टिकणार नाहीत म्हणाले. म्हणून नाही नेलं. नाहीतर मी काय नेलं नसतं?"

बायको म्हणाली, "मी नंतर करते ताई," आणि तिने फोन बंद केला.

आता शहाणा माणूस असता तर तिथेच कबूल झाला असता. पण नकाशा! तो म्हणाला, "तुझ्या ताईचा काहीतरी गोंधळ होतोय. एकतीस वर्षं मी..."

"त्या रस्त्याने नवरा वाचेल का, हे विचारायला ती स्टेशनवर गेली होती," बायको म्हणाली. "तिचा गोंधळ होईल?"

सोमवारी तो नेहमीपेक्षा आधी कचेरीत पोहोचला. कपाटासमोर उभा राहिला आणि कित्येक वर्षांनी त्याने कप्प्यांकडे नीट बघितलं. चव्वेचाळीस बंदर, पंचेचाळीस खाण. मधे फळीची जाडी, बोटाएवढी. हेड सॉर्टर आला तसं त्याने विचारलं, "साहेब, खाणीचं गाव पंचेचाळीसला कोणी आणलं?"

हेड सॉर्टर हातातला चहा सांडेपर्यंत हसला. "अरे, तूच की! आधी ते वर होतं, अठ्ठावन्नला. तुझा खांदा दुखायचा आणि खाणीच्या कंपनीचं टपाल हे एवढं. म्हणालास हाताशी घेतो. आणि तुझ्या बायकोचं पत्रही असायचं ना महिन्याला, ते वर चढवायचा तुला कंटाळा. आपणच दोघांनी कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. का रे?"

"काही नाही," नकाशा म्हणाला आणि गठ्ठा उचलला. त्या दिवशी त्याच्या हातून तीन पत्रं चुकली. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं, आणि त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने पाकिटाच्या मागे हिशोब मांडला. बंदरावरून आठव्या दिवशी निघायचं, तर पुढची गाडी दहाव्या दिवशी. बाराव्या दिवशी सकाळी ताईकडे. आणि परतीची गाडी बाराव्या दिवशीच संध्याकाळी. सकाळी दारात आणि संध्याकाळी परत स्टेशनवर. चार दिवसांचा एक दिवस झाला होता, तोही उभ्या उभ्या.

घरी येऊन त्याने तसंच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "माझं चुकलं. मला कप्पे माहीत आहेत, गावं माहीत नाहीत."

बायको चादरीची घडी घालत होती, धोबीखान्याच्या सवयीने, कोपऱ्याला कोपरा जुळवून. त्याला वाटलं आता बोलेल, निदान आता तरी बोलेल. ती म्हणाली, "राहू दे. एक दिवस तर एक दिवस. तेव्हा तर तोही नव्हता." आणि ती घडी कपाटात ठेवायला गेली.

हे त्याला फार लागलं. ताईने नवऱ्यासाठी स्टेशनवर एकटीने उभं राहून चौकशी केली होती, आणि त्याच दिवसांत आपण कपाटासमोर उभं राहून, हंगाम आहे, हंगाम आहे, म्हणत तिच्याच गावाची पत्रं हाताशी टाकत होतो. आपण तिला शेजारी आणून ठेवली आणि एवढं केलं म्हणजे झालं, असं समजलो. नकाशाला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशनवर त्याच खिडकीसमोर उभा होता. बाईंनी ओळखलं. "काय, मधलं काढायचं का?"

"मधलं नाही. सगळं रद्द करा. परतीचं तेवढं आहे तसं राहू द्या. आणि इथून सरळ खाणीच्या गावाचं द्या, दोघांचं."

"तळं, घड्याळ, काहीच नको?"

"नको."

"परत एवढी जागा मिळायची नाही हो या गाड्यांना."

"मिळाली नाही तर नाही," नकाशा म्हणाला. बोलला खरा, पण तळ्याच्या गावाचं तिकीट बाईंनी मधोमध फाडलं तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. हौस होती ती, आणि ती संपली. उगाच कशाला खोटं बोलायचं, वाईट वाटलंच.

घरी त्याने दोन तिकिटं टेबलावर ठेवली. बायकोने तारखा वाचल्या. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. बोटांवर मोजलं, परत मोजलं. "दहा दिवस?" तिने विचारलं. "सगळे ताईकडे?" त्याने मान हलवली. तिने लगेच फोन लावला, उभ्यानेच.

"ताई, दहा दिवस येतेय."

ताई म्हणाली, "मग पहिल्या दिवशी काही बोलायचं नाही बघ. नुसती माझ्याजवळ बस." बायकोने मान हलवली, जणू ताईला दिसणार होतं, आणि फोन ठेवून ती खुर्चीवर बसून रडली. नकाशा पाण्याचा पेला घेऊन उभा. पेला द्यावा की ठेवावा, त्याला कळेना.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं.

"त्या वेळी तुम्ही अर्ज केला नव्हता. ते मी विसरले नाहीये."

"माहीत आहे मला."

"ताईला मी तेव्हा सांगितलं, यांना रजा मिळाली नाही म्हणून. तिच्याशी खोटं बोलले, तुमच्यासाठी. आता परत बोलायची नाही. काय ते तुम्ही सांगा तिला."

"सांगेन."

"कधी? शेवटच्या दिवशी, स्टेशनवर?"

नकाशाने पेला खाली ठेवला. दहा दिवसांपैकी एकाही दिवसाचं पाकीट त्याने अजून लिहिलं नव्हतं.

"पोहोचल्या पोहोचल्या," तो म्हणाला. "दारातच. तिने आत घ्यायच्या आधी."