गुणाजीची पळी

परवा एका ओतकाम कारखान्यात इंजिनिअरसाहेबांनी मला नवं यंत्र दाखवलं. वितळलेल्या तांब्यात ते एक नळी बुडवतात. तिच्या टोकाला चिनी मातीसारखं काहीतरी असतं, त्यातून जराशी वीज येते आणि काट्यावर कळतं, धातूत वायू किती विरघळलाय. मी म्हटलं, साहेब, आमच्या लालबागला हे काम गुणाजी परबची पळी करायची, आणि वर गुणाजी टोमणेही मारायचा.

गुणाजी वीस वर्षं भट्टीवर होता. भुवया केव्हाच जळून गेलेल्या, त्यामुळे हा रागावलाय की हसतोय हे बायकोलाही विचारून घ्यावं लागे. ओतण्याआधी तो लोखंडी पळीभर धातू काढायचा, वाळूच्या खळग्यात सोडायचा आणि गोठेपर्यंत टक लावून बसायचा. गोठताना मधोमध खळी पडली तर माल चांगला. फुगून वर आला तर आत वायू कोंडलेला, म्हणजे ओतीव काम आतून आंबोळीसारखं भोकाभोकांचं. मालकाने घाई केली तर त्यालाही शेजारी उकिडवा बसवायचा.

साठ सालचा एप्रिल. संयुक्त महाराष्ट्रासाठी एवढे मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तर एक मेला सूर्योदयाला चाळीच्या दारात आपली स्वतःची घंटा वाजलीच पाहिजे, असं मी फळ्यावर लिहून टाकलं. गुणाजीला विचारलं ते नंतर. त्याने आजवर दिलेली तारीख कधी चुकवली नव्हती, म्हणून हो म्हणाला.

घराघरांतून मोडकी तांब्याची भांडी आली. चारचौघांत काळं भांडं द्यायचं कसं, म्हणून वितळवायची भांडीसुद्धा बायकांनी चिंचेने घासून लख्ख केलेली. गुणाजीने कपाळाला हात लावला आणि सगळी तासभर भट्टीच्या कडेला पालथी घालून सुकवली; थेंबभर पाणी गेलं तरी धातूत वायू शिरतो.

आमच्या घरचा तांब्या राहिला, कारण मी पताका लावत होतो. तीस तारखेच्या दुपारी धावत पोचलो तेव्हा धातू वितळवायची मूस रसरसलेली होती आणि गुणाजी साचा बघायला आत गेला होता. आईचा तांब्या घंटेत नाही म्हणजे काय? धोतराला पुसला आणि दिला टाकून. काठाच्या गुंडाळीत पाणी राहिलं होतं, हे मला कुठून कळणार? चर्रर्र झालं. मी लांब उडी मारली आणि शहाण्यासारखा गप्प राहिलो.

गुणाजीने कथील मिसळलं, पळी भरली, खळग्यात सोडली. माल टम्म फुगला.

"ह्यात ओला कोणी टाकला?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

मी म्हटलं, वेळ काय, तू बोलतोस काय, ओत आधी. सकाळी हजार माणसं येणार आहेत.

"पुढारी, हजार माणसांसमोर ही घंटा मडक्यासारखी बोलली तर भाषण तू करशील. पण ती ओतणारो हात माझो असा."

मग कबूल केलं. तो रागावला का हसला, भुवया नसल्याने समजलं नाही. सगळ्या मालाच्या लगडी ओतून थंड करायच्या, पुन्हा वितळवायच्या, म्हणजे घंटा दोन तारखेला.

एक मेच्या पहाटे दारात गर्दी, घंटा नाही. गुणाजीने सगळ्यांना एवढंच सांगितलं, "माझ्याकडून उशीर झाला." चाळीतल्या गंगुबाईंनी घंटेऐवजी वाजवायला आपली पितळी परात माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "गुणाजीचो हात आता म्हातारो झालो."

वीस वर्षं न चुकलेली तारीख माझ्या तांब्यापायी चुकली होती, आणि हा खाली मान घालून ऐकून घेत होता. माझं डोकं फिरलं. परात वाजवायची सोडून मी ओट्यावर चढलो आणि ओला तांब्या, चर्रर्र, लांब उडी, सगळं भर गर्दीत ओरडून सांगितलं. लोक पोट धरून हसले.

गुणाजी जवळ आला. "तुझा भाषण शेवटपर्यंत पहिल्यांदाच ऐकलंय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पळीतल्या मालाला खळी पडली. ती त्याने आधी मला दाखवली, उकिडवा बसवून, आणि मगच घंटा ओतली.