पोस्टरवर दहा, अर्जात चौदा

नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे ते सकाळी अर्धा तास येतं, आणि त्या अर्ध्या तासात मी कुणाचीही नसते. एक कळशी भरत होती, दुसरी घासायची होती, हे डब्यासाठी दारात घुटमळत होते. तेवढ्यात कडी वाजली. एकदा नाही, चारदा.

दारात ताईबाई आत्या. नात्यानं ह्यांची चुलत आत्या, राहायला जळोचीला. अर्ध्या एकरात मेथी-कोथिंबीर काढते. या वेळी ती मंडईत जुड्या मांडून बसलेली असते. आज डोक्यावर पाटी नव्हती. काखेत गुंडाळलेला मोठा कागद आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"जय भीम आत्या. या की आत, चहा टाकते."

"च्या ऱ्हाऊ दे. तुला अर्ज लिवता येतो. साडेआठची इंदापूर गाडी हाय. चल."

"अहो पण झालंय काय?"

तिनं काखेतला कागद माझ्या ओट्यावर पसरला. पोस्टर होतं. तिची नात करुणा, ओठ लालभडक, केसांत कागदी फुलं, हातात माईक. खाली ठळक अक्षरं: बालगायिका करुणा, वय वर्षे १०.

"वाच. आन आता ह्ये वाच." पिशवीतून तिनं ऑर्केस्ट्राच्या परवान्यासाठी केलेल्या अर्जाची झेरॉक्स काढली. त्यात कलाकारांची यादी होती, आणि यादीत करुणाच्या नावापुढं चौदा.

"आन माझ्या घरात ती बारा वर्साची हाय," आत्या म्हणाली. "एका पोरीला तीन वयं. तूच सांग कुठलं धरायचं."

मी हसले, ती हसली नाही. ती पुन्हा दाराशी गेली, बाहेर बघून आली, पोस्टर गुंडाळलं, परत उलगडलं. ह्यांच्या हातात डबा देत मी म्हटलं, उरलेल्या कळश्या तुम्ही भरा. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, आणि गुपचूप बाह्या वर केल्या.

सत्त्याण्णव सालची दिवाळी आठवड्यावर आली होती. इंदापूरच्या बिरदेवचा ऑर्केस्ट्रा होता. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की थेट उन्हाळ्यापर्यंत त्याचे कार्यक्रम. त्याला करुणाचा आवाज हवा होता. तिच्याबरोबर तिचे वडील, म्हणजे आत्याचा मुलगा बुद्धघोष, त्यालाही तो पेटीवर घेणार होता. बुद्धघोष साखर कारखान्यात हंगामी कामगार; पण त्याची बोटं लहानपणापासून पेटीवर. कारखान्याच्या फाटकापेक्षा स्टेजची पायरी चढायला मिळाली तर त्याला हवीच होती. मात्र पोरगी आली तरच बाप, असं बिरदेवनं साफ सांगितलं होतं.

गाडीत आत्याला खिडकीजवळची जागा मिळाली, तरी ती बसेना. दोनदा उठली, पिशवीतले कागद मोजले, पुन्हा बसली.

"तुम्हाला तिचं गाणं नको आहे का?" मी विचारलं.

"गानं कुनी शिकवलं तिला? म्यांच. तुझे मामंजी कचरूराव कलापथक काढायचे तवा मी म्होरं गायची. गानं नको आसंल का मला?" कचरूराव म्हणजे तिचे यजमान, जाऊन दहा वर्षं झाली. "पन तीन कारेक्रम झालं न्हाय तर पोरीचा घसा बसला. परवा चाचणी परीक्षेत बाकावर झोपली. कोरा कागुद दिऊन आली. नववीत हाय गं ती. आता दिवाळी ते उन्हाळा फिराय लागली तर दहावीला काय बसनार?"

अर्जाच्या मागं परवान्याच्या अटी छापलेल्या होत्या. मी वाचून दाखवल्या. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर शाळेची लेखी संमती हवी, घरची बाई सोबत हवी, मुलाचं काम आधी उरकून त्याला मोकळं करायचं. चौदा पुरी असतील तर यातलं काही नाही.

"म्हंजी कागदावर बारा आसती तर कायदा तिच्या बाजूनं हुबा ऱ्हायला आसता," आत्या म्हणाली. मग खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत म्हणाली, "चौदा म्यांच केली तिला."

एकोणनव्वद सालचा जून. आत्या आणि तिची सून सारजा, दोघी दिवसभर लोकांच्या रानात. पोरगी साडेचार वर्षांची, ठेवायची कुणाकडं? आत्या तिला घेऊन शाळेत गेली. जन्माचा दाखला कुणाकडंच नसायचा. गुरुजी सांगायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर. हात पुरला की मूल सहा वर्षांचं.

"तिचा हात पुरंना. गुर्जी रजिस्टर बघत हुते. म्यां मागनं तिची मुंडी वाकडी केली, बोटं वढली आन कानाला लावली. पुरला, म्हनलं. गुर्जींनी एक जून टाकला. दीड वर्स म्हंजी काय, वाटलं मला!"

या पंधरवड्यात ती कुणाला न सांगता तीनदा इंदापूरला जाऊन आली होती. करुणाचा जन्म सारजाच्या माहेरी, इंदापूरचाच. इंदिराबाई गेल्या तो आठवडा; रेडिओवर दिवसभर नुसती सारंगी चालली होती, एवढं तिला पक्कं आठवत होतं. तेवढ्यावर तिनं नगरपालिकेच्या कारकुनाकडून चौऱ्याऐंशीचं रजिस्टर उघडवून घेतलं. पाच नोव्हेंबर. नक्कल पिशवीत होती.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून मी अर्ज लिहिला, करुणाचं वय बारा धरावं असा. आत्या उभीच. "झाला का? किती ऱ्हायला?" असं दर ओळीला.

आत बिरदेव आणि बुद्धघोष आधीच येऊन बसले होते. आईला बघून बुद्धघोष उठला, पुन्हा बसला. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर पेटी वाजवल्यासारखी चालली होती.

परवान्याचं काम बघणाऱ्या कारकुनानं माझा अर्ज वाचला, नक्कल उलटसुलट केली. "यात नाव कुठंय? नुसतं 'मुलगी' लिहिलंय."

"बारसं व्हायच्या आधी नोंद घातली, साहेब. नाव कुठनं आसनार?" आत्या म्हणाली.

"साहेब, शाळेचा दाखला हाय माझ्याकडं," बिरदेव म्हणाला. "त्यावर चौदा हाय. आमी मनचं काय लिवलं न्हाय."

आत्यानं पोस्टर टेबलावर उघडलं. कारकुनानं चष्मा वर केला. "आणि हे दहा?"

"ती जाहिरात हाय साहेब. बारकी पोरगी म्हनलं की बाया म्होरं येऊन बसत्यात."

"म्हणजे लोकांना दाखवायला दहा आणि मला दाखवायला चौदा." मग तो आत्याकडं वळला. "शाळेत वय कुणी सांगितलं होतं, आजी?"

"म्यां." आणि भरल्या कचेरीत आत्यानं स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरून दाखवला. "आसं."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. कारकूनही हसला. "माझाही वाढदिवस एक जूनच आहे, आजी. आमच्या गुरुजींनी सगळ्या वर्गाला एकच दिला."

बिरदेव हसला नाही. "साहेब, बारा धरली तर शाळा लेखी देनार न्हाय. रविवारी-रविवारी गाऊन माझा हंगाम व्हत न्हाय. मग मला पोरगीच नको." त्यानं बुद्धघोषकडं पाहिलं. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. बुद्धघोषची बोटं थांबली.

कारकुनानं नक्कल बुद्धघोषपुढं सरकवली. "वडील तुम्ही. ही नोंद तुमच्याच मुलीची आहे, असं लिहून सही केलीत तर मी वय बदलून घेतो. नाहीतर दाखल्यावरचं चौदा धरावं लागेल. परवाना आजच निघायचाय."

बुद्धघोष कागदाला हात लावेना. "आई," एवढंच म्हणाला, "घरी बोललो आसतो की आपन."

"घरी तू ऐकत हुतास का?"

सकाळपासून जागेवर न थांबलेली आत्या मात्र आता एकदम निवांत उभी होती. माझ्या हातातलं पेन घेऊन तिनं ते मुलापुढं ठेवलं.

"बुद्धघोषा, मी तुजा परवाना आडवाय आली न्हाय. पेटी सुटली तर तुला किती लागंल, मला ठावं हाय. खोटं म्यां बोलले, तू न्हाय. तू फकस्त यवढंच लिवून दे, माजी पोरगी बारा वर्साची हाय."