मुशी, नारळ आणि उल्हासनगरचा जावई

नारळ माझ्या हातातून सुटला आणि नेमकं तेव्हाच जावयानं पाण्यातून डोकं वर काढलं.

टक्क असा आवाज झाला. बोटीवरची सगळी गोरी माणसं काठाकडे धावली. जावई लोखंडी पिंजऱ्यात, पिंजरा समुद्रात, शेजारी रिक्षाहून लांब शार्क, आणि जावयाच्या कपाळातून रक्ताची धार! माझी मुलगी वंदना माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, मुद्दाम मारलास?"

तिला तसं वाटायला कारण होतं. आम्ही बदलापूरच्या खरवईतले आगरी आणि हरेश उल्हासनगरचा सिंधी, कापडाच्या दुकानातला. लग्नाला माझा एवढा विरोध, की हळदीला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. पुढची बारा वर्षं त्याच्याशी थेट एक शब्द बोलले नाही. तो समोर बसलेला असताना वंदनाला सांगायची, "त्यांना विचार, चहा घेणार का." तोही वस्ताद. तिलाच सांगायचा, "मम्मी को बोल, आधा कप."

मग तो धंद्यासाठी आफ्रिकेत, केपटाऊनला गेला आणि त्यानंच मला तिकीट पाठवलं. मी नातीसाठी गेले. (त्याच्यासाठी नाही, हे विमानतळावरच वंदनाला बजावलं.) मला मासे प्रिय म्हणून त्यानं ही पिंजऱ्यातून शार्क बघायची बोटीची सहल ठरवली. वंदनानं मोबाइलवर शार्कचा फोटो दाखवला. मी म्हटलं, ही तर मुशी! तुझ्या बाळंतपणात दूध यावं म्हणून हिचंच कालवण करून घातलं तुला. अंबरनाथच्या बाजारात मी ही फुकट बघते, वर कापूनही देतात.

पण बोटीवाल्यांनी दोरीला माशाचं मुंडकं बांधून पाण्यात टाकलं आणि जी वर आली, ती बाजारातली नव्हती. पाठ डांबरी रस्त्यासारखी, तोंड कपाटाएवढं. आमच्या घरानं जन्मभर खाल्लेल्या मुश्यांचा जाब विचारायला त्यांची आजी आली आहे, असं मला वाटलं. आणि हरेश काळा रबरी पोशाख घालून आणखी चौघांबरोबर हसत हसत पिंजऱ्यात उतरत होता.

माहेरी माझा बाप मिठागरावर कामाला होता. नारळ दिल्याशिवाय त्यानं कधी खाडीत होडी घातली नाही. म्हणून मीही वंदनाला तिथल्या इंडियन दुकानातून शेंडीवाला नारळ आणायला लावला होता आणि पिशवीत साडीखाली लपवून आणला होता. खरं तर नारळ पाण्यात अलगद सोडायचा असतो. पण बोटीचा काठ उंच आणि माझे गुडघे वाकत नाहीत. म्हटलं, लांब फेकू, समुद्राला काय फरक पडतो?

बोटीवाला ओरडला, तशी पिंजऱ्यातल्या सगळ्यांनी मुशी बघायला डोकी पाण्याखाली घातली. जागा मोकळी दिसली. मी हात जोडले, मनात म्हटलं, बाई, याला सोड, माझी पोर आहे याच्या घरी. आणि फेकला. तेवढ्यात बोट डुलली. हरेशचा रोखलेला श्वास सगळ्यांच्या आधी संपला आणि तो वर आला.

"हरेश!" मी ओरडले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव माझ्या तोंडातून निघालं.

पाण्यात रक्त आणि मुशी वळलेली. दोघा माणसांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं. मुशी पिंजऱ्यापाशी आली, तिनं तरंगणारा नारळ जबड्यात धरला, दहा हातांवर नेऊन थुंकला आणि निघून गेली. तिला आवडला नाही, पण तिनं घेतला तर खरा.

हरेश कपाळावर टॉवेल दाबून पडला होता. आता हा मला उद्याच्या विमानात बसवणार आणि वंदना त्याला अडवणार नाही, हे मला दिसत होतं. मी त्याच्याजवळ खाली बसले. (गुडघे वाकले. आधी वाकले असते तर!)

"फार लागलं का रे?"

त्यानं वंदनाकडे बघितलं. "मम्मी किसको पूछ रही है?"

"तुलाच विचारते. तुझ्यासाठीच फेकला. तुला काही होऊ नये म्हणून."

त्यानं टॉवेलवरचं रक्त बघितलं. मग म्हणाला, "शादी में मारना था ना मम्मी. बारा साल रुकी?"

वंदना आधी हसली, मग रडली. किनाऱ्यावर एक फॉर्म भरायचा होता, जखम कशानं झाली ते. छापलेल्या यादीत शार्क होता, घसरणं होतं, उलट्या होत्या. नारळ नव्हता. बोटीवाल्यानं तो हातानं लिहिला आणि माझी सही घेतली.

हरेशला चार टाके पडले. खरवईत अजून कुणी मानत नाही की माझा नेम चुकला; म्हणतात, लागला तो बरोबरच लागला. असो. वंदनाचा संसार वाचला, मी वाचले, मुशी वाचली. आणि हरेशही वाचला, मुशीच्या नाही, माझ्या तावडीतून.