पाठीवर टाकलेलं मंगळसूत्र

त्या प्रकरणातली एक्स-रे फिल्म आजही डोळे मिटले की जशीच्या तशी दिसते. नव्वदच्या दशकात मी सुरतेत पोलीस उपनिरीक्षक होतो. घराणं जळगावकडचं, नोकरी गुजरात पोलिसांत. त्यामुळे लिंबायत-डिंडोलीच्या खानदेशी वस्त्यांतलं कुणी मराठी माणूस ठाण्यात आलं की हवालदार त्याला सरळ माझ्या टेबलाकडे पाठवत.

ही खबर मात्र एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांकडून आली. एका परदेशी वकिलातीने खातरजमेसाठी त्यांच्याकडे शिल्लक रकमेचा दाखला पाठवला होता. शिक्का त्यांच्या शाखेचा, पण तसं खातंच शाखेत नव्हतं.

तेव्हा आपल्या कॉलेजांतली काही मुलं देवाणघेवाण योजनेत एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात पाहुणी म्हणून जायची. फी माफ असे. पण व्हिसाच्या आधी दोन गोष्टी लागत. तिथे राहण्याखाण्यापुरते पैसे असल्याचा पुरावा आणि आरोग्य विमा. तिकडे आजारी पडलं तर इथलं घर विकावं लागेल, म्हणून विमा. विमा कंपनी आधी वैद्यकीय तपासणी मागे, छातीच्या एक्स-रेसकट. लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, पगारावर चालणाऱ्या घराला हे सगळं डोंगराएवढं वाटे. मग रिंग रोडवरचा एक एजंट देवदूत ठरे.

तो दाखला त्याच्याकडूनच गेल्याचं कळलं, तसे पंच घेऊन आम्ही त्याच्या ऑफिसवर गेलो. झडतीत देवाच्या फोटोमागे रबरी शिक्के निघाले. पंचनामा केला, फायली जप्त केल्या आणि त्याला ठाण्यात आणलं. आधी त्याने कानांवर हात ठेवले. शिक्के टेबलावर मांडल्यावर बँकेचे दाखले खोटे असल्याचं कबूल केलं. वर मला म्हणतो, "पण मेडिकल तो एकदम साचुं छे, साहेब. एमां कोई खोट नथी."

मी मेडिकलबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. माणूस न विचारलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायला लागला की तिथेच खणावं, हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो. मी फायलींतल्या फिल्म एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यातली एक लिंबायतच्या मुलीची होती. वय एकोणीस, अविवाहित, वडील लूम कारागीर. बरगड्यांच्या मधोमध दोन लहान गोल सावल्या शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्यापासून वर चढत गेलेली बारीक ठिपक्यांची ओळ.

"बटन हशे, साहेब," गुजराती हवालदार म्हणाला.

"बटण कसलं! आमच्या बायकांच्या मंगळसूत्राच्या वाट्या आहेत त्या. माझ्या घरी रोज दिसतात." मी एजंटाकडे वळलो. "काय शेठ, या पोरीचं लग्न कधी लावलंत?"

शेठला घाम फुटला.

फिल्म त्याच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या डिंडोलीच्या बाईंची निघाली. त्यांना महिला शिपायाबरोबर बोलावून घेतलं. बिचाऱ्या घाबरल्या होत्या, पण जबाब स्वच्छ दिला. "शेठ म्हटले, फुकट तपासणी आहे, फक्त नाव या पोरीचं सांग. तो फोटोवाला म्हणे मंगळसूत्र काढा. अहो, नवरा दवाखान्यात पडलेला, मी गळ्यातलं काढू? त्याची पाठ फिरली तसं मागे टाकलं, पाठीवर."

"बाई, ते यंत्र पाठीमागचंही बघतं."

"अगं बाई! मागचं पण?" त्यांनी पटकन पदर सारखा केला. ठाण्यात हशा पिकला आणि मीही पोट धरून हसलो.

मग हसू आपोआप थांबलं. धडधाकट बाईची फिल्म लावावी लागली, तर पोरीच्या फिल्ममध्ये काय होतं?

एजंटाने खाली मान घालून सांगितलं. तिच्या फुप्फुसावर डाग होता. विमा नाकारला तर व्हिसा नाही, आणि घेतलेले पैसे परत करावे लागणार. म्हणून त्याने मुलीला सगळं ठीक असल्याचं सांगून टाकलं. "त्यां जईने दवा करावी लेशे," म्हणाला; तिकडे गेल्यावर औषध घेईल म्हणे. माझा हात उठलाच होता. हवालदाराने शहाणपणाने मध्ये पाण्याचा ग्लास धरला.

त्याच संध्याकाळी लिंबायत गाठलं. वर्दी दारात बघून वडील हात जोडून उभे राहिले. "साहेब, मन्ही पोर चोर नही शे."

"चोर दुसराच आहे, काका. बसा."

मुलगी ओढणी तोंडाशी धरून खोकत होती. "लूमची धूळ आहे, सर. इथे सगळ्यांनाच खोकला होतो," ती म्हणाली. मी फिल्मचं सांगितलं. व्हिसा, विमान, खर्च झालेले पैसे यातलं वडिलांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मन्ही पोर जगी ना, साहेब?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी क्षयाचं निदान केलं, पण सुरुवातच होती. नेमाने औषध घेतलं तर पूर्ण बरी होईल, म्हणाले. वडील तिथेच बाकावर बसले आणि मोठ्याने रडले. माझ्याही छातीवरचा दगड उतरला. मुलगी मात्र वेगळ्याच दुःखाने रडत होती. तिची जागा गेली होती.

तिच्या प्राध्यापकांनी विद्यापीठाला सगळं खरंखरं कळवलं. उत्तर आलं: बरी होऊन पुढच्या वर्षी या, जागा ठेवतो. राहण्याजेवणाची सोय विद्यापीठच करणार होतं, त्यामुळे पैशाच्या पुराव्यासाठी तिच्या रेल्वेत नोकरीला असलेल्या मामांची खरीखुरी बचत आणि त्यांचं हमीपत्र पुरलं. एजंटाने उगाच मोठा आकडा सांगून घाबरवलं होतं. त्याच्यावर मी फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचं आरोपपत्र दाखल केलं, शिक्षाही झाली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कोर्टाच्या आवारात मला म्हणाला, "साहेब, आखिर तो छोकरीनुं भलुं ज थयुं ने!"

पुढच्या वर्षी बापलेक ठाण्यात आले. वडिलांच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात विम्याच्या तपासणीची नवी फिल्म. "डॉक्टर बरी शे म्हने. पन तुम्ही देखा साहेब, तुमले समजस."

मला काय कळतंय! तरी मी ती खिडकीशी धरली. डाग नव्हता. वाट्याही नव्हत्या.

"या वेळी मीच आहे, सर," मुलगी हसून म्हणाली.

खोटा कागद पकडणं हे आमचं काम. पण त्याच्याआड कुणाचं काय झाकलं गेलंय ते बघेपर्यंत तपास पुरा होत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. सगळी नोकरी पुरावे हुडकण्यात गेली. शोधूनही काही न सापडल्याचा एवढा आनंद मला त्या एकाच दिवशी झाला. फिल्म पिशवीत घालून मी वडिलांच्या हाती दिली आणि म्हटलं, "जाऊ द्या पोरीला."